उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक

"काका, परत एकदा घेऊ या ना," अद्वैत म्हणाला, आणि पोत्यांभोवती उभे असलेले हळदीचे खरेदीदार एकदम हसत सुटले.

अण्णांनाही हसू आलं. त्या दिवसांत त्यांचं हसू खोकल्यात जाऊनच संपायचं. उपरण्यानं तोंड पुसून ते म्हणाले, "आरं लेकरा, परत कसा घ्यायचा? माल गेला की! बोली झाली, सौदा झाला, आता ती पोती त्या शेटची. परत पुकारलं तर घेणारा आन् देणारा दोघं मिळून मला मारतील."

"खरं नाही हो, नुसती ॲक्टिंग करायची. मघाशी आवाज नीट आला नाही. फाटला."

"फाटला न्हवं रं. फाटकाच हाय त्यो."

पुन्हा हशा पिकला. मी कानाला हेडफोन लावून, हातात माइकचा लांब दांडा धरून उभी होते. मला हसू आलं नाही. मला आवाज नीट आला होता. जसा होता तसा आला होता, आणि तो तसा यावा म्हणूनच तर मी ही सगळी वरात कोल्हापुरातून सांगलीच्या मार्केट यार्डात आणली होती.

माझे वडील भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, मेथे शेठच्या अडत दुकानात हळदीचे सौदे पुकारायचे. माझ्या जन्माच्याही आधीपासून. शेतकरी पोती उतरवायचा, नमुना पसरला जायचा, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघायचे, आणि अण्णा एक पाय पोत्यावर ठेवून भाव चढवत न्यायचे. पुकारणारे यार्डात पुष्कळ होते, पण अण्णांचा आवाज चार दुकानं पलीकडून ओळखू यायचा. खालून खरखरत यायचा आणि आकडा बदलला की वर उसळी घ्यायचा. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट यार्डात जायचे. अण्णा आज कुठल्या गल्लीत आहेत हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या वर्षी दिवाळीपासून आवाज बसला. सुरुवातीला सगळ्यांनी त्याचं खापर हळदीच्या धुरळ्यावर फोडलं. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, कुणीतरी सांगितलेलं कसलंसं चाटण झालं. मग मिरजेच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि बाहेर येऊन मला आणि दादाला सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. आयुष्यात सुपारीचं खांडदेखील तोंडात न टाकलेला माणूस. देवाच्या घरी न्याय असतो असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून लांबूनच नमस्कार करते.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. चित्रपट, माध्यमं आणि तंत्रज्ञान, असं कोर्सचं नाव. एवढं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून विचारणाऱ्याला ती "काँप्युटरचं कायतरी" म्हणून सांगून मोकळी व्हायची. शेवटच्या वर्षी गटानं मिळून एक माहितीपट करायचा असायचा. विषय मी सुचवला. गटाला तो रंगीत वाटला, पिवळ्या ढिगांचे शॉट्स छान येतील म्हणाले. मला रंगाशी काही देणं-घेणं नव्हतं. अण्णांचा आवाज आमच्या घरात कशातच नव्हता. त्यांचा मोबाइल बटणांचा. दादाच्या लग्नाची सीडी आहे, तिच्यात अण्णा मांडवात पाहुण्यांना हाका मारताना दिसतात, पण व्हिडिओवाल्यानं वरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमाची गाणी चढवलेली. ऑपरेशन फेब्रुवारीत होतं. त्याच्या आत मला तो आवाज पकडून ठेवायचा होता. डिग्री काय, कशीही मिळाली असती.

दिग्दर्शक अद्वैत सरनाईक झाला. कॅमेरा त्याच्या काकांचा होता आणि बोलण्यात तो पटाईत. एवढ्यावर आपल्याकडं माणूस दिग्दर्शक होतो. ध्वनी कुणालाच नको असतो, तो मी मागून घेतला. आमचे मार्गदर्शक हेबाळकर सर म्हणाले, "मुलगी दिवसभर दांडा धरून उभी राहणार का?" मी म्हटलं, राहीन.

नव्या हंगामाची हळद नुकतीच यायला लागली होती. अण्णांच्या जागी मेथे शेठनी दुसरा पुकारणारा ठेवला होता, तरी आमच्यासाठी त्यांनी एक सौदा अण्णांना दिला. ही काही पोरीची हौस नव्हे, हे शेठना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं, की भूपाल अण्णांचा हा शेवटचा पुकारा. म्हणून तर एवढी गर्दी होती, आणि म्हणूनच मघाचं ते हसणं जरा जास्त मोठ्यानं होतं.

सौदा पुकारताना अण्णांचे निम्मे शब्द नुसती हवा होऊन जात होते. "सात हजार" म्हणताना सात ऐकू यायचे आणि हजार गळायचे. पण आकडा वर गेला, की तो आवाजही धडपडत वर जायचा. एकदा मात्र तो पारच गेला. अण्णांचं तोंड उघडं, हात वर, आणि बाहेर काही नाही. मी डोळे मिटून घेतले. समोरून एक म्हातारे खरेदीदार शांतपणे म्हणाले, "ऐकलं अण्णा. सात-तीनशे. पुढं चला." आणि सौदा पुढं चालू झाला. हे सगळं माझ्या कानात, माझ्या रेकॉर्डरमध्ये आलं होतं. अद्वैतला ते फाटलेलं वाटलं.

शूटिंगच्या जागेवरून निघताना ध्वनिमुद्रकानं एक काम करायचं असतं. सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती त्या जागेची शांतता टिपून घ्यायची. पुढं संकलनात शब्दांच्या फटीत ती भरायला लागते. दुकान रिकामं झाल्यावर मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

"आन् आता काय रेकाड करतीयास?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. शांतता."

"शांततेला एवढं मशीन कशाला लागतंय?" ते म्हणाले. "ती आता मिळंलच की फुकट, आयुष्यभर."

त्या मिनिटाला दुकान खरोखर गप्प झालं.

दुपारी घरी मुलाखत झाली. अण्णांनी कोट घातला होता. अद्वैतनं विचारलं, की इतकी वर्षं हे काम केलंत, त्यात काय शिकलात? मला वाटलं, अण्णा या प्रश्नाची टर उडवतील. पण त्यांनी जरा विचार केला.

"शिकायचं काय त्यात," ते थांबत थांबत म्हणाले. "शेतकरी वरीसभर राबतो आन् त्याचा माल माझ्या तोंडातनं चार मिनटात जातो. मी पडक्या आवाजात पुकारलं, तर गिऱ्हाईक बी पडका भाव सांगतंय. म्हणून आपलं तोंड उघडायच्या आदी पोटातनं दम घ्यायचा. घरात पोरगी आजारी असू दे, बायकूसंग भांडण असू दे, त्या चार मिनटात आवाज पडू द्यायचा न्हाई. आता पडलाय. तर म्हटलं, आता आपुन बाजूला व्हावं."

आई दाराआडून आत निघून गेली. मी काटा बघत राहिले, आवाजाचा. तो हलत होता तोवर सगळं ठीक होतं.

त्या संध्याकाळी आम्ही कोल्हापूरला परतलो. रेकॉर्डिंग कॉलेजातल्या आमच्या विभागाच्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि नियमाप्रमाणं रेकॉर्डरचं कार्ड त्याच दिवशी जमा केलं; दुसरा गट दाराशी वाट बघत उभाच होता. माझ्याकडं तेव्हा लॅपटॉप नव्हता. अद्वैतला सांगितलं, की मला याची एक प्रत हवीय, सगळ्या मूळ रेकॉर्डिंगची. तो म्हणाला, "अगं, डिस्कवर आहेच ना. पळून जाणार आहे का? तू आधी वडिलांचं बघ." हे तो चांगुलपणानंच म्हणाला. माझं वाटोळं करणाऱ्या बहुतेक गोष्टी लोकांनी चांगुलपणानंच केल्या आहेत.

ऑपरेशन झालं. अण्णा वाचले. गळ्याला भोक, त्यातून श्वास, आणि हातात पाटी-पेन्सिल. मी मिरजेला दवाखान्यातच होते. मधूनमधून अद्वैतचा मेसेज यायचा, संकलन मस्त चाललंय, काळजी करू नको. अण्णा पाटीवर लिहून विचारायचे, "शिणेमा कुटवर?" मी सांगायचे, होत आलाय. ते मान हलवायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "माजा पुकारा हाय न्हवं त्यात?" मी म्हटलं, आहे. त्यांनी पाटी पुसली नाही, तशीच उशाशी ठेवली.

मार्चमध्ये मी कॉलेजात परत गेले, तेव्हा फिल्म पूर्ण झाली होती. नाव ठेवलं होतं 'पुकारा'. अद्वैतनं लॅबमध्ये मला मधल्या खुर्चीवर बसवलं, नव्या नवरीला बसवतात तसं, आणि फिल्म लावली.

पिवळे ढीग आले. हळकुंडं आली. अण्णा आले, पोत्यावर पाय देऊन. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून एक दुसराच माणूस बोलला.

"सात हजार! सात हजार शंभर! बोला, सात हजार शंभर!"

खणखणीत आवाज. प्रत्येक अक्षर सुटं, धुतलेलं. मागं थोडा घुमारा चढवलेला. मग मुलाखत आली. अण्णांच्या ओठांवर बरोब्बर बसवलेलं, "शेतकरी वर्षभर राबतो, आणि त्याचा माल माझ्या तोंडून चार मिनिटांत जातो..."

"हा कोण?" मी विचारलं.

"जयंत ओतारी! रेडिओवर जाहिराती नाही का करत? नाट्यस्पर्धेत दर वर्षी बक्षीस असतं बघ त्यांचं. सरांच्या ओळखीनं फुकट केलं यार त्यांनी. ओठ कसले जुळवलेत, बघितलंस?"

"माझ्या वडिलांचा आवाज कुठं आहे?"

"अगं, तो वापरण्यासारखा नव्हता. मी खूप प्रयत्न केला. साफ करायला गेलो तर सॉफ्टवेअर सगळाच आवाज काढून टाकायचं. त्याला तो आवाज म्हणजेच कचरा वाटायचा."

"पण पुकारासुद्धा? सगळंच?"

"मग अर्धं त्यांचं आणि अर्धं ओतारींचं कसं चालेल? एकच माणूस वाटायला नको?" तो खरोखरच मला समजावून सांगत होता. "आणि खरं सांगू, आधी ते बिचारे वाटत होते. आता बघ कसे भारदस्त वाटतात. तुझेच वडील आहेत, तुला तर आनंद व्हायला पाहिजे."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी उठून सरांच्या खोलीत गेले. अद्वैत मागोमाग आला.

हेबाळकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस समजूतदारपणे बोलणार असला की चष्मा काढतो. "त्रिशला, तुझ्या भावना मला कळतात. पण तू ध्वनीची विद्यार्थिनी आहेस. निम्मे शब्द कळत नव्हते. परीक्षक पुण्याहून येणार आहेत, त्यांना काय खोकला ऐकवायचा? शिवाय त्यांची ती भाषा. मराठी फिल्मला मराठीतच खाली अक्षरं द्यायची का?"

"भाषेत काय वाईट होतं सर?"

"वाईट कोण म्हणतंय? गोडच आहे. पण माहितीपट आहे ना. माहिती पोचायला हवी."

"मला विचारायचं होतं."

"तू दवाखान्यात होतीस. तुला त्यात कशाला त्रास द्यायचा, म्हणून नाही विचारलं."

भांडायला माझ्यापाशी पुष्कळ होतं, पण त्या क्षणी मला भांडण नको होतं. मला एकच गोष्ट हवी होती. "ठीक आहे सर. फिल्मचं तुम्हाला करायचं ते करा. मला फक्त माझं मूळ रेकॉर्डिंग द्या."

सरांनी अद्वैतकडं पाहिलं. अद्वैत दाराकडं बघायला लागला. दारावर विभागाचा नियम चिकटवलेला होता, आम्ही सगळ्यांनी तो शंभरदा वाचलेला. अंतिम प्रत जमा झाली, की डिस्क रिकामी करून पुढच्या गटाला द्यायची.

"परवाच दुसऱ्या वर्षाला दिली," अद्वैत म्हणाला. "तुला लागणार होतं होय अजून? मला वाटलं, आता आपण ते वापरलंच नाही, तर खराब साउंड कशाला ठेवायचा."

मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडं पळत गेले. त्यांनी त्या डिस्कवर रंकाळ्यावरच्या भेळवाल्यांचं शूटिंग काठोकाठ भरलं होतं. तरी मी डिस्क घेऊन राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले, पुसलेलं परत काढून देतो अशी त्याच्या दारावर पाटी होती. त्यानं तासभर खटपट केली आणि मान हलवली. म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं, ताई. वरून भरलंय ना." मी तिथंच काउंटरला धरून रडले. तो बिचारा पंखा माझ्याकडं वळवून आत निघून गेला.

घरी मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमचा गळा डॉक्टरांनी घेतला आणि उरलेला माझ्या कॉलेजनं, हे? मला वाटलं, अण्णा या अवस्थेत कॉलेजातल्या फिल्मच्या प्रदर्शनाला येणारच नाहीत. पण त्यांनी दादाकडून दाढी करून घेतली, कोट घातला, गळ्याभोवती पांढरं उपरणं गुंडाळलं आणि पाटीवर लिहिलं, "चल." मी म्हटलं, "अण्णा, प्रवास झेपायचा नाही, मी सीडी आणते घरी." त्यांनी त्याच शब्दावर बोट ठेवलं.

सभागृह भरलं होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. अंधार झाला आणि अण्णा सरसावून पुढं झाले. आपला पुकारा ऐकायला.

मी पडद्याकडं पाहिलंच नाही, अण्णांकडं पाहत होते. पहिला पुकारा आला. ते दचकले नाहीत. त्यांनी मागं वळून पाहिलं, कुणी मागून बोलतंय का म्हणून. मग पडद्याकडं पाहिलं. मग हळूहळू मागं टेकले. उपरण्याखाली श्वासाचा घर्घर आवाज येत होता, तो मला ऐकू येत होता. फिल्मभर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. शेतकरी वर्षभर राबतो हे वाक्य आलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. ते आपलं वाक्य आपल्या शब्दांत म्हणत होते, आणि त्याचा आवाज होत नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षिसं जाहीर झाली. दिग्दर्शनाचं दुसरं, संकलनाचं नाही, आणि उत्कृष्ट ध्वनिमुद्रण, कुमारी त्रिशला भूपाल मगदूम. नियमानं ध्वनीचं श्रेय माझ्या नावावर होतं. मी वर कशी गेले आठवत नाही. एवढंच आठवतं, की प्रमाणपत्र हातात घेताना मनात हिशेब चालला होता, या फिल्ममध्ये मी टिपलेलं नेमकं काय उरलंय? शब्दांच्या फटीत भरायला त्यांनी माझी ती मिनिटभराची शांतता तेवढी वापरली होती. बक्षीस तिचं होतं.

खाली उतरले तर पुण्याचे मुख्य परीक्षक अण्णांसमोर उभे. बाजूला हेबाळकर सर आणि अद्वैत. परीक्षकांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"काय आवाज आहे हो तुमचा!" ते म्हणत होते. "अहो, आमचे नट वर्षानुवर्षं तालीम करतात, तरी असा आवाज लागत नाही. आणि उच्चार किती शुद्ध! दोन शब्द बोला की आमच्याशी."

अण्णांनी सरांकडं पाहिलं. सर घाईघाईनं म्हणाले, "त्यांची तब्येत जरा बरी नाहीये." बस्, एवढंच. अद्वैत आपल्या बुटांकडं बघत होता. त्या दोघांपैकी एकानं, फक्त एकानं तोंड उघडायचं होतं. त्यांना तोंडं होती.

"सर, तो आवाज," मी सुरुवात केली. अण्णांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. मग त्यांनी परीक्षकांच्या हातांतून आपला हात सोडवून घेतला, त्यांच्यापुढं दोन्ही हात जोडले आणि मान लववली. दुसऱ्याच्या आवाजाची तारीफ त्यांनी अंगावर घेतली. परीक्षक खूश होऊन पुढं गेले.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले. जयसिंगपूर गेल्यावर त्यांनी पाटी काढली. गाडी हलत होती, अक्षरं वाकडी येत होती.

"कुणाचा हाय?"

"जयंत ओतारी म्हणून एक नट आहेत. अण्णा, मी नव्हते तिथं. मला माहीत नव्हतं. मला कुणी—"

त्यांनी हातानं मला थांबवलं. पाटी पुसली. लिहिलं, "चांगला हाय आवाज." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी पुन्हा पुसून लिहिलं, "आपला कुटं हाय?"

मी सांगितलं. डिस्क, नियम, भेळवाले, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत बसले. सांगली दिसायला लागल्यावर एकदाच पेन्सिल उचलली. "यार्डात दावू नगं."

मी नसतंच दाखवलं. पण अद्वैतनं ती इंटरनेटवर टाकली होती, आणि आठवडा व्हायच्या आत ती यार्डातल्या फोनाफोनांतून फिरली. तिथं सगळ्यांनी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकलेला. कुणीतरी हमालानं गमतीत म्हटलं म्हणे, "भूपाल आण्णा दवाखान्यातनं पुण्याचं होऊन आलं." वाईट मनानं म्हटलं नसेल. पण अण्णा त्यानंतर यार्डात गेले नाहीत. रोज सकाळी मेथे शेठकडं चहाला जायची त्यांची सवय होती, आवाज गेल्यावरही चालू होती, ती त्या दिवशी सुटली.

ते पुढं बरीच वर्षं जगले. शांतपणे, पाटीच्या सोबतीनं. मी पदवी घेतली आणि एका सहकारी बँकेत चिकटले. माइक पुन्हा हातात धरला नाही. अद्वैत मुंबईत जाहिराती करतो, चांगलं चाललंय त्याचं. हेबाळकर सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या पत्रिकेत आमच्या फिल्मचा उल्लेख होता.

मागच्या वर्षी अण्णांना जाऊन वर्ष झालं. सगळे नातेवाईक घरी जमले होते. जेवणं झाल्यावर दादाच्या सासऱ्यांनी हट्ट धरला, व्याह्यांची फिल्म लावा. दादानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं टीव्हीवर फिल्म लावली.

"सात हजार! सात हजार शंभर!"

मग हुंदके यायला लागले. माझी आत्या, अण्णांची सख्खी बहीण, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काय आवाज हुता गं माझ्या भावाचा. असं वाटतंय, आत्ता उठून हाक मारतोय." मी तिच्याकडं बघत राहिले. ती नाटक करत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

दादाची मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. तिच्या जन्माच्या आधीच अण्णांचा आवाज गेलेला. तिनं मान वर करून विचारलं, "आत्या, आजोबा असेच बोलायचे?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. नाही म्हटलं, तर ती पुढं विचारणार होती, मग कसे बोलायचे? मी आठवायला लागले. टीव्हीवरचा माणूस बोलतच होता.

"हो," मी म्हटलं. "असेच."

आई आत निघून गेली.

अण्णा यार्डातून घरी आले, की चपला काढायच्या आधी दारातून मला हाक मारायचे, "तिशेऽ". ती हाक मी अजून आठवायला बसते. दार आठवतं. चपला आठवतात. उपरण्याच्या काठाला लागलेली हळद आठवते. मग हाकही येते. स्वच्छ, खणखणीत, रेडिओवर यावी तशी. जयंत ओतारींनी मला आयुष्यात कधी हाक मारली नाही, त्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. पण आता अण्णांच्या तोंडून तेच मला हाक मारतात, आणि मी ओ देते.